कोड मुलानं काढला, निदान सरांनी करायचं

पत्र :

मी एका तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक व्यवसायाचा शिल्प निदेशक आहे. डिप्लोमानंतर काही वर्षं वर्कशॉपमध्ये काम केलं आणि २०११ साली इथे लागलो. तेव्हापासून गॅरेजशी संबंध जवळजवळ तुटलाच. प्रवेश फेऱ्या, हजेरी, भांडार, खरेदी समिती, परीक्षा यांत वर्ष कसं जातं कळत नाही. आमच्या शेडमध्ये दोन कार्बोरेटरची इंजिनं आणि एक जुनी डिझेल जीप आहे.

मागच्या महिन्यात आमच्याच एका सरांची पेट्रोल कार चेक इंजिनचा दिवा लागला म्हणून शेडमध्ये आणली. एका मुलानं मामाच्या गॅरेजमधला छोटा ब्लूटूथ स्कॅनर आणला होता. त्यानं तो लावून मोबाइलवर कोड काढला, पी०३०१. म्हणाला, 'सर, कॉईल गेलीय, बदलावी लागेल.' चोवीस मुलं माझ्याकडे बघत होती. मी 'बघू नंतर' म्हणालो आणि विषय बदलला. गाडी शेवटी बाहेर दिली.

तेव्हापासून वर्गात जायलाच नको वाटतं. मुलं आता इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल विचारतात. मी नेमका कोणता कोर्स करू? माझं सीआयटीएस (निदेशकांसाठीचा प्रशिक्षण अभ्यासक्रम) झालेलं नाही. इतक्या वर्षांनी त्याचा उपयोग आहे का? ऑनलाइन प्रमाणपत्रांचं काय? घरी म्हणतात, पगार तोच राहणार, मग कशाला डोक्याला ताप?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर :

नमस्कार सर,

तुम्ही प्रश्न बरेच विचारलेत, पण बोच एकाच जागी आहे, त्या गाडीपाशी. म्हणून आधी तिकडेच जाऊ. अर्ज, प्रतिनियुक्ती, प्रमाणपत्रं यांचं नंतर बघू.

त्या मुलानं केलं काय? कोड वाचला. पी०३०१ म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय, म्हणजे पेट्रोल नीट जळत नाही, एवढंच ईसीयूचं, म्हणजे गाडीतल्या संगणकाचं, म्हणणं. का होतंय हे कोड सांगत नाही. प्लग असेल, प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉईल असेल, इंजेक्टर चोंदला असेल, कॉईलकडे येणारी वायर उंदरानं कुरतडली असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल आणि कॉम्प्रेशन गेलं असेल. 'कॉईल गेलीय' हा मुलाचा अंदाज होता. बरोबरही असेल कदाचित, पण गिऱ्हाइकाच्या पैशानं अंदाज तपासून बघणं याला निदान म्हणत नाहीत.

तुमच्या हातात त्या वेळी काय होतं? दहाचा पाना आणि तो स्कॅनर. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल बसते. इग्निशन बंद करून एक नंबरची कॉईल दोनवर लावायची, दोनची एकवर. कोड पुसायचा, गाडी चालू करून गरम होऊ द्यायची आणि पुन्हा वाचायचा. आता पी०३०२ आला तर दोष कॉईलबरोबर सरकला, म्हणजे मुलगा बरोबर. पी०३०१ तसाच राहिला तर कॉईल निर्दोष. मग प्लगची अदलाबदल, मग कनेक्टर आणि वायरिंग, मग कॉम्प्रेशन गेज. अर्ध्या तासात चोवीस मुलांना कळलं असतं की कोड ही सुरुवात असते. जाता जाता हेही सांगता आलं असतं की दिवा नुसता लागलेला न राहता लुकलुकत असेल तर गाडी पळवायची नाही. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवतं आणि छोट्या कामाचं मोठं बिल होतं.

यातलं तुम्हाला नवीन काय होतं सांगा? जुन्या इंजिनावर एकेक प्लग केबल काढून 'कुठल्या सिलिंडरनं आवाजात फरक पडत नाही' हे तुम्ही मुलांना शिकवताच. तीच विचारपद्धत. (फक्त ती केबल ओढायची युक्ती नव्या गाडीवर करू नका, कॉईल आणि ईसीयू दोन्ही धोक्यात येतात.) तुमची माहिती जुनी झालीय हे खरं. दोष शोधायची रीत मात्र तुमच्याकडे आहे आणि त्या मुलाकडे ती नाही. तुम्ही गप्प बसलात ते स्कॅनर बघून बिचकलात म्हणून.

आता ही माहिती भरून कशी काढायची? इथे बहुतेक निदेशक आधी कोर्स शोधायला लागतात. मी गटनिदेशक म्हणून निवृत्त झालो, अनेक निदेशकांचे प्रशिक्षणाचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले. प्रशिक्षण झालं, फाइलला प्रमाणपत्र लागलं आणि शेडमधले जॉब होते तेच राहिले, असंच जास्त वेळा पाहिलं. म्हणून माझं सरळ मत आहे : पहिलं पाऊल गॅरेजात टाका.

आणि त्यासाठी वेगळी परवानगी मागत बसायची फारशी गरज नाही. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात दर वर्षी १५० तासांचं ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) सक्तीचं आहे; जवळ उद्योग नसेल तर त्याऐवजी गटप्रकल्प. पुष्कळ ठिकाणी काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे : मुलं पाठवली जातात, शेवटी शिक्के गोळा होतात. तुम्ही मुलांबरोबर जा. देखरेख हे तुमचं कामच आहे. देखरेख करता करता शिका.

गॅरेज निवडताना जरा विचार करा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला शिस्त, हत्यारं, टॉर्कचे (बोल्ट किती आवळायचा याचे) आकडे, सर्व्हिस मॅन्युअल हे बघायला मिळतं आणि ते बघायलाच हवं. पण तिथे कामाचा मोठा भाग ठरलेल्या सर्व्हिसचा आणि भाग बदलण्याचा असतो. डोकं लावायला लागतं ते तालुक्याच्या नाक्यावरच्या सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या गॅरेजात, जिथे दोन ठिकाणी फिरून आलेली गाडी तिसऱ्यांदा येते. तिथला मिस्त्री बहुधा आपल्याच आयटीआयचा निघेल. तिथे 'सर' म्हणून खुर्ची घेऊन बसू नका. टॉर्च धरा, बोल्ट डब्यात लावून ठेवा. मिस्त्रीनं आधी काय तपासलं, मग काय, आणि मधलं काय सोडून दिलं, यावर नजर ठेवा. का सोडलं हे चहाच्या वेळी विचारा, काम चालू असताना नको.

दुसरी जागा म्हणजे एसटी. आगारात रोजची देखभाल असते, विभागीय कार्यशाळेत त्याहून मोठी कामं, आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा या मध्यवर्ती कार्यशाळा तर आहेतच. एसटी आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेते, त्यामुळे ओळख काढायला अवघड नाही. बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) डिझेलचं युरिया टाकीपासून डीपीएफपर्यंतचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरपर्यंतचं) लचांड समजून घ्यायला तुमची जुनी जीप कामाची नाही, बस आहे.

तिथून येताना प्रत्येक वेळी एकच गोष्ट आणा : एक केस. गाडी कुठली, तक्रार काय, संशय कशाकशाचा, कुठल्या क्रमानं काय तपासलं, मोजमाप किती आलं, शेवटी काय निघालं. अर्धं पान पुरे. अशा आठ-दहा केस जमल्या की त्यातून वर्गासाठी जॉब बनवा. गॅरेजच्या मोडीच्या डब्यात गेलेली कॉईल, चोंदलेला इंजेक्टर, तुटका सेन्सर पडलेला असतो. वॉरंटीत बदललेले भाग बहुधा कंपनीकडे परत जातात, ते मागू नका. बाकीचे मागितले तर कोणीही देईल. तेच भाग मुलांच्या हातात देऊन मल्टिमीटरनं चांगला-वाईट ओळखायला लावलं की खरेदी समितीची वाट बघायची गरज उरत नाही.

विजेचं म्हणाल तर तुमचा पहिला गुरू शेजारच्या शेडमध्ये आहे. वीजतंत्री विभागातल्या सरांकडे जाऊन बसा. एकाच आवारात वर्षानुवर्षं काढूनही एका विभागाचा निदेशक दुसऱ्याच्या शेडमध्ये पाय ठेवत नाही, ही आपल्याकडची खास सवय. त्यांच्याकडून व्होल्टेज ड्रॉप आणि रिले पुन्हा एकदा हातानं करून घ्या आणि मग दोघं मिळून एक गंमत करा. कुठल्याही अलीकडच्या कारच्या डॅशबोर्डखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, स्कॅनर लावतात तो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडं थांबा आणि ६ व १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजा. बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या आसपास येईल. कारण कॅन वायरिंगच्या (ईसीयूंना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांच्या) दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोध समांतर लावलेले असतात. १२० आला तर एका टोकाचा रोध सर्किटमध्ये नाही, कुठेतरी वायर तुटलीय. शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. मुलांनी वीजतंत्रीच्या पुस्तकातला समांतर जोडणीचा नियम गाडीत बघितला की 'ईसीयूमध्ये काय असतं कुणास ठाऊक' ही भीती पळते. त्यांची आणि, राग नसावा, तुमचीही.

इलेक्ट्रिक गाडीबाबत मात्र घाई करू नका. ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोक्याचा धरतात. पुष्कळ स्कूटर ४८ ते ७२ व्होल्टच्या आहेत, कारमध्ये ते ३०० च्याही वर जातं. नारिंगी केबल दिसली की प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि इन्सुलेटेड हातमोजे असल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम शेडच्या भिंतीवर रंगवून घ्या. सर्व्हिस प्लग (बॅटरीची जोडणी तोडणारा) काढल्यावरही इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबून, मीटरनं शून्य बघूनच पुढे. ६० व्होल्टच्या आतल्या स्कूटर बॅटरीचा झटका फारसा लागणार नाही, पण हातातलं कडं किंवा अंगठी दोन टोकांत आली तर ती लाल होते, आणि आपल्या मुलांच्या हातात कडी असतातच. मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा दोन वर्षांचा वेगळा व्यवसाय आता आहे. ज्या आयटीआयमध्ये तो सुरू आहे तिथल्या निदेशकांना एकदा भेटून या, त्यांचा अभ्यासक्रम भारत स्किल्स पोर्टलवरून उतरवून घ्या. त्यातलं सुरक्षा, बॅटरीची मोजमापं आणि मोटरचे प्रकार एवढं तुमच्या वर्गाला पहिल्या टप्प्यात पुरेल.

आता सीआयटीएस. करा. इतक्या वर्षांनी उपयोग काय, असं विचारता, तर दोन कारणं. एक कागदोपत्री : अभ्यासक्रमातच लिहिलेलं असतं की निदेशकाकडे राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र हवं, मग ते नियमित मार्गानं असो की आरपीएलनं (आधीच्या अनुभवाला मान्यता देऊन). ते सीआयटीएस केल्यावर मिळतं. पुढे पदोन्नतीच्या वेळी हा कागद नसल्याची हळहळ करणारे मी पाहिलेत. नियमित अभ्यासक्रम एक वर्षाचा; आपल्याकडे मुंबईत चुनाभट्टीला एनएसटीआय (निदेशक घडवणारी केंद्राची संस्था) आहे आणि महिला निदेशकांसाठी दादरला वेगळी संस्था आहे. वर्षभर सोडायला खातं तयार नसेल तर अनुभवावर आधारलेल्या आरपीएलच्या मार्गाची चौकशी करा. तुमच्यासारख्या अनुभवी माणसासाठीच तो आहे.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सीआयटीएसमध्ये ट्रेड तर असतोच, पण ट्रेनिंग मेथडॉलॉजी असते, म्हणजे शिकवायचं कसं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते कुणी शिकवलेलंच नसतं. हात चांगला आहे म्हणून निदेशक झालो, आणि आपल्या उस्तादानं जसं दाखवलं तसं दाखवत आलो. तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी हे चार टप्पे पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चार्ल्स ॲलन नावाच्या व्यवसाय शिक्षणाच्या माणसानं वापरले. जहाजबांधणीच्या कारखान्यांत हजारो नवखे कामगार झटपट तयार करायचे होते, त्यासाठी आधी शिकवणारे कारागीर तयार करणं भाग होतं. शंभरेक वर्षं झाली, अजून ते चालतात. आपण दुसऱ्या टप्प्यावर अडकून राहतो, दाखवतो आणि समजतो की शिकवलं.

साधी गोष्ट घ्या, ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये प्लग बसवणं. चोवीस मुलं इंजिनाभोवती कोंडाळं करतात. पुढच्या सहांना दिसतं, मागचे मोबाइल बघतात. समोर उभ्या असलेल्यांना डावं-उजवं उलटं दिसतं. त्यापेक्षा आठ-आठच्या तुकड्या करा, बाकीच्यांना दुसरा जॉब द्या आणि त्या आठांना तुमच्या खांद्यामागे उभं करा. पहिल्यांदा न बोलता, नेहमीच्या वेगानं प्लग बसवून दाखवा. दुसऱ्यांदा सावकाश, बोलत : पान्याला अजून हात लावायचा नाही, प्लग बोटांनी आधी किंचित उलटा फिरवायचा, आटा जागेवर बसल्याचा बारीक 'टक' बोटांना कळतो, मग सुलट, दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी, अडला तर जोर नाही, बाहेर काढायचा. शेवटी टॉर्क रेंच. तिसऱ्यांदा मुलानं तोंडानं सांगायचं आणि तुम्ही तो सांगेल तेवढंच करायचं. 'बोटांनी' म्हणायला विसरला तर तुम्ही पाना उचलायचा. मुलं ओरडतात, 'सर, आटे जातील!' त्या ओरडण्यावरून कळतं किती पोहोचलं. चौथ्यांदा त्यांच्या हातात प्लग. हा सगळा डेमो वीस मिनिटांचा आहे आणि यासाठी कुठलंही नवं यंत्र लागत नाही.

मुद्दा असा की आपल्या पेशात दोन कारागिऱ्या सांभाळायच्या असतात, हाताची आणि शिकवण्याची. गॅरेजातला मिस्त्री पहिलीत तुमच्यापेक्षा सरस असेल, आणि असू द्या. पण त्याला 'बघून बघून शिक' याच्यापुढे सांगता येत नाही. ते तुमचं काम.

ऑनलाइन प्रमाणपत्रांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. थिअरी उजळायला, स्कॅनरवरच्या लाइव्ह डेटाचे आलेख वाचायला शिकायला ती बरी. निमीची (आयटीआयची पुस्तकं तयार करणाऱ्या सरकारी संस्थेची) पुस्तकं आणि प्रश्नसंच भारत स्किल्सवर फुकट आहेत, ते आधी वापरा. कॉम्प्रेशन गेजचं प्रमाणपत्र मोबाइलवर घेऊ नका. अल्पमुदतीचे, आठवडा-दोन आठवड्यांचे उजळणी वर्ग एनएसटीआयमध्ये होत असतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतही प्रशिक्षणं चालतात. पत्र आलं की कोणीतरी जावंच लागतं म्हणून सगळ्यात कनिष्ठाला पाठवायची पद्धत असते. तुम्ही स्वतःहून नाव द्या, आणि जाताना तुमच्या केसची वही बरोबर न्या. तयार प्रश्न घेऊन आलेला प्रशिक्षणार्थी बघितला की तिथल्या प्रशिक्षकालाही हुरूप येतो.

आणखी एक वारा येतोय. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं आयटीआय सुधारणेची ६०,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यात १,००० शासकीय आयटीआय आहेत आणि ५०,००० प्रशिक्षकांना प्रशिक्षण द्यायचंही उद्दिष्ट आहे. उत्कृष्टता केंद्रासाठी निवडलेल्या पाच संस्था भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियानाच्या. त्यात महाराष्ट्र नाही, हे मनाला लागतं खरं. पण जागा निघतील तेव्हा हैदराबाद लांब आहे म्हणून घरी बसू नका. यंत्रं येतील, उद्घाटनं होतील. त्या यंत्रांवरचं प्लॅस्टिक कोण काढणार, हा प्रश्न प्रत्येक योजनेनंतर उरतो.

वर्गाचं काय करायचं? तो मुलगा आणि त्याचा स्कॅनर, दोघांनाही कामाला लावा. आठवड्यातून एक तास ठेवा, स्टाफची किंवा ओळखीची गाडी आणा, डेटा त्यानं वाचायचा आणि पुढची तपासणी कुठली करायची हे बाकीच्यांनी कारणासकट सांगायचं. माहीत नसेल ते फळ्याच्या कोपऱ्यात तारखेसह लिहून ठेवा आणि उत्तर आणल्यावरच पुसा. विद्यार्थ्यांना न येणारे सर चालतात. टाळणारे सर त्यांना चार दिवसांत ओळखू येतात. ती कार्बोरेटरची इंजिनं निर्लेखनात (भंगारात) काढायचीही घाई नको. १ एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं आणि नव्या बहुतेक दुचाक्यांतून कार्बोरेटर गेला, पण तालुक्याच्या रस्त्यावर जुन्या गाड्या अजून रग्गड आहेत, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडलं की प्लग कसा काळा पडतो हे त्यांच्यावर फुकटात दाखवता येतं.

घरी काय सांगायचं? पगार वाढणार नाही, हे खरं आहे आणि तसंच सांगा. सीआयटीएसचा पुढे सेवेत उपयोग होईल, तेही सांगा. बाकी, वर्गात जायला नको वाटणारा माणूस संध्याकाळी कसा घरी येतो, हे घरच्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

शेवटी एक कामाचं. ओजेटीसाठी गॅरेज ठरलं की प्राचार्यांना एक पानी पत्र द्या : कुठल्या गॅरेजात, आठवड्यातल्या कुठल्या दिवशी, किती मुलं, तुम्ही स्वतः कधी हजर, त्या वेळी दुसऱ्या तुकडीचा वर्ग कोण घेणार. हा शेवटचा मुद्दा आधीच सोडवून गेलात तर सही लवकर होते. पत्राची पोच घ्या आणि गॅरेजवाल्याला मुलांच्या विम्याबद्दल आणि बुटांबद्दल आधी विचारा. बहुतेक मुलं चपला घालून येतात.